सातव्या दगडाचा शोध

मोहिमेचा हेतू साधा होता. एक दगड शोधायचा. गुडघ्याएवढा, चौकोनी, माथ्यावर सातचा आकडा कोरलेला. तो सापडला तर सव्वातीनशे एकर रान कायमचं वाचणार होतं. नाही सापडला, तर सोमवारपासून त्या रानात सुरुंगाची भोकं कुठे पाडायची याची आखणी सुरू होणार होती.

आणि हा दगड शोधायला निघाली होती चार माणसं, ज्यांच्या वयांची बेरीज दोनशे सत्तावन्न भरत होती!

त्यात सगळ्यात तरुण होते दप्तरदार. वय एकोणपन्नास. भूराखण मंडळाची कचेरी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती आणि तिथे अकरा वर्षं दप्तरदार एकाच खुर्चीवर बसत आले होते. मंडळाचं काम असं, की लोक आपली जमीन मंडळाला देत, 'इथे कधी इमारत नको, खाण नको' असं लिहून देत आणि मंडळ ती राखत असे. दरवर्षी हद्द फिरून यायचं, कुणी कुंपण सरकवलंय का, झाड तोडलंय का, राडारोडा आणून ओतलाय का, ते पाहायचं. फिरायला इतर सभासद जात. ते परत आले की चिखलाचे कागद वाळवून फायलीला लावायचं काम दप्तरदारांचं. मंडळाच्या चौदाही जमिनी त्यांना तोंडपाठ होत्या. नवव्या जमिनीवर बेडकांच्या किती जाती आहेत हे ते झोपेतही सांगत. प्रत्यक्षात मात्र खिडकीत बेडूक दिसला की ते खुर्चीवर चढत.

असा माणूस मोहिमेवर निघाला, कारण मंडळाच्या मोजणीदाराने आदल्या दिवशी स्वतःच्याच घराच्या पायरीवरून पडून पाय मोडून घेतला. जुना नकाशा वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं.

"अहो, रानात जायचंय, फासावर नाही," सचिवबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय त्रेसष्ट, गळ्यात शिट्टी, पाठीवर तीस फुटी दोर. "आणि तुम्ही आला नाहीत तर त्या दोघांमध्ये बोलणार कोण?"

ते दोघं म्हणजे रानाचे मालक. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांची धाकटी बहीण ताई एकाहत्तर वर्षांच्या. वडिलांनी रान दोघांत वाटून दिलं होतं आणि मधल्या रेषेवर सात दगड पुरले होते. सातवा दगड सगळ्यात वर, झऱ्यापाशी. एकोणीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर तो दगड जागेवर दिसेना. ताईंनी विचारलं, "दगड कुठे गेला?" दादा म्हणाले, "ते तूच सांग." बस! एवढ्यावर बोलणं तुटलं ते तुटलं.

आता दोघांनाही आपापला भाग मंडळाला द्यायचा होता. अडत होतं फक्त झऱ्यावर. दादा म्हणत, झरा माझ्या भागात आहे, तो मी देणार. ताई म्हणत, माझ्या भागात आहे, तो मी देणार. दप्तरदारांनी घेण्यावरून भांडणारी भावंडं पुष्कळ पाहिली होती. देण्यावरून एकमेकांच्या जिवावर उठलेली ही पहिलीच! आणि दोघांनी वेगवेगळं बजावून ठेवलं होतं, "दगड सापडून झऱ्याचा निकाल लागला नाही, तर माझा भाग मी खाणवाल्याला विकेन, पण समोरच्याला तोरा मिरवू देणार नाही." खाणवाला तयारच होता. सोमवारी अकराला तो नोंदणी कचेरीत येणार होता.

तर शनिवारी सकाळी सहा वाजता जीप कच्च्या रस्त्याच्या टोकाला चौघांना सोडून धूळ उडवत निघून गेली, आणि समोर रान उभं राहिलं. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये दाटलेलं, धुक्यात अर्धं बुडालेलं, पाखरांच्या आवाजाने नुसतं फुटून निघालेलं. फायलीत त्याचं वर्णन 'मिश्र वृक्षाच्छादन, उतार मध्यम ते तीव्र' असं होतं. ते दप्तरदारांनीच लिहिलेलं होतं. आता वर बघताना त्यांच्या मानेत कळ आली आणि 'तीव्र' हा शब्द फारच मिळमिळीत होता असं त्यांना वाटलं.

"त्यांना सांगा," दादा म्हणाले, "पायवाट डावीकडून आहे."

ताई चार हात अंतरावर उभ्या होत्या. दप्तरदार वळले. "ताई, दादा म्हणतायत..."

"ऐकलं. त्यांना सांगा, डावीकडची वाट गेल्या पुरात वाहून गेली. रानात पाऊल न ठेवणाऱ्याला कसं कळणार?"

"दादा, ताई म्हणतायत..."

"मी बहिरा नाही!"

बाईंनी शिट्टी फुंकली आणि सरळ मधून चालायला सुरुवात केली.

पहिले सहा दगड दुपारपर्यंत सापडले. म्हणजे सहज सापडले असं नाही. दुसऱ्यापाशी गांधीलमाश्यांचं पोळं होतं. तिथे नोंद घ्यायला दप्तरदारांना साडेतीन सेकंद मिळाले. चौथा ओढ्यापलीकडे होता आणि ओढ्यावरचा लाकडी साकव नाहीसा झाला होता. बाईंनी दोर पलीकडच्या झाडाला बांधला. दप्तरदार नकाशाची नळकांडी डोक्यावर धरून कमरेएवढ्या गार पाण्यात उतरले. ऐन मध्यावर, जिथे पाणी पाय उपटू पाहत होतं, तिथे मागून दादांचा आवाज आला.

"दप्तरदार! तिला विचारा, गुडघेदुखीची गोळी घेतली का? गार पाण्याने तिचे गुडघे धरतात!"

"आत्ता विचारू?"

"मग काय पुढच्या वर्षी?"

दप्तरदारांनी पाण्याच्या खळखळाटावर ओरडून विचारलं. पलीकडून ताईंचं उत्तर आलं, "त्यांना सांगा, माझ्या गुडघ्यांची काळजी करू नका! स्वतःचा चष्मा दोरीने बांधा, मागच्या खेपेला असाच वाहून गेला होता!"

दप्तरदारांनी मागे वळून सांगायला तोंड उघडलं आणि त्यात ओढा शिरला. बाईंनी कॉलर धरून त्यांना काठावर ओढलं. दप्तरदारांच्या नाकातोंडातून पाणी निघत होतं, पण नकाशा कोरडा होता!

पाचव्या दगडापाशी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. चढावरची झाडं विरळ होत गेली. खाली दरीत ओढा चांदीच्या तारेसारखा दिसत होता, वर घार घिरट्या घालत होती, आणि वाऱ्याला कसल्याशा रानफुलांचा कडवट-गोड वास होता. दप्तरदारांचे पाय फोडांनी भरले होते, पण सव्वातासात त्यांनी पायांचं नावही काढलं नव्हतं. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

एवढ्यात झुडूप हललं.

आधी एक पिल्लू बाहेर आलं. अंगावर पट्टे, शेपटी ताठ. मग दुसरं. मग तिसरं.

"अगं बाई, किती गोड!" ताई म्हणाल्या.

मग त्यांची आई बाहेर आली. रानडुकरीण! खांद्यावरचे केस ताठ, डोळे बारीक. तिने एकदा फुस्स केलं.

"पळा!"

कोण ओरडलं ते कळलं नाही. बाई एका झाडावर चढल्या, त्रेसष्टाव्या वर्षी, शिट्टीसकट! उरलेले तिघं समोरच्या एकुलत्या एका खडकावर. खडकाचा माथा जेमतेम एका सतरंजीएवढा. डावीकडे दादा, उजवीकडे ताई, मधे दप्तरदार. खाली डुकरीण खडकाला प्रदक्षिणा घालत होती.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"त्यांना सांगा, कोपर लागतंय," ताई म्हणाल्या.

"तिला सांगा, कोपर दप्तरदारांचं आहे."

"माझंच आहे," दप्तरदारांनी कबूल केलं. "पण मी ते ठेवू कुठे?"

"त्यांना सांगा, लहानपणी यांनीच एका पिल्लाला दगड मारला होता म्हणून असंच झाडावर बसावं लागलं होतं."

"तिला सांगा, दगड तिने मारला होता. मार मी खाल्ला होता!"

दप्तरदार दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिले. ताई हळूच म्हणाल्या, "त्यांना सांगा... ते खरं आहे."

दप्तरदारांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तेवढ्यात बाईंनी झाडावरून उरलेली अंडी एकामागून एक लांब फेकली. डुकरीण आणि तिचं बिऱ्हाड तिकडे धावलं, आणि मोहीम दुसरीकडे.

चार वाजता ते कड्यावर पोचले. दप्तरदारांनी नकाशा पसरला, होकायंत्र ठेवलं, सहाव्या दगडापासून फीत ओढली. नव्वद पावलं. इथेच.

इथे काही नव्हतं. काटेरी जाळी, तिच्यापलीकडे रिकामी हवा.

"बघितलं!" दादा म्हणाले.

"बघितलं!" ताई म्हणाल्या.

दोघांनाही पुरावा मिळाला होता, एकाच रिकाम्या जागेचा!

"त्यांना सांगा, दगड आपोआप चालत नाही!"

"तिला सांगा, तेच मी एकोणीस वर्षं म्हणतोय! इथे, अगदी इथे होता तो!" असं म्हणून दादांनी काठी आपटत जाळीपलीकडे पाऊल टाकलं.

जमीन सुटली.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसता घसरता खसखसाट, मातीचा लोट, आणि दादा दिसेनासे झाले.

"दादा!"

ही हाक ताईंची होती. मधे दप्तरदार नव्हते, कुणीच नव्हतं. ताई पोटावर आडव्या झाल्या आणि कड्याच्या काठाशी सरपटल्या. "दादा! कुठे आहेस? बोल रे!"

"इथे आहे," खालून आवाज आला. "चष्मा आहे. काठी गेली."

वीसेक फूट खाली एक भलंमोठं झाड उन्मळून तिरपं अडकलं होतं. त्याच्या मुळांचं जाळं छत्रीसारखं वर आलं होतं आणि त्यातल्या एका मुळाला दादा दोन्ही हातांनी लोंबकळत होते. त्यांच्या पायांखाली सुटे दगड, आणि दगडांखाली थेट दरी.

"हलू नकोस! श्वास सुद्धा हळू घे!"

"बुटके, श्वास कसा घ्यायचा हे तू नको शिकवूस!"

मूळ करकरलं.

बाईंनी दोर मागच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन घेतला. "कुणीतरी खाली जाऊन त्यांना बांधायला हवं," त्या म्हणाल्या. "मला इथे दोर सांभाळायचाय. ताई एकाहत्तरच्या."

मग उरलं कोण, ते दप्तरदारांनी स्वतःच मोजलं. स्टुलावर चढून वरच्या कपाटातली फाइल काढतानाही ते शिपायाला स्टूल धरायला लावत.

"बांधा," ते म्हणाले. आपणच हे म्हटलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

ते उतरले. डोळे मिटून नव्हे. मिटले तर पाय कुठे ठेवायचा? एक पाऊल. माती निसटली. दुसरं पाऊल. खडा निखळला आणि तो खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. तिसरं. मूळ हाताला लागलं! दप्तरदार मुळांच्या बेचक्यात घुसले, पाय रोवले, कमरेचा दोर सोडला आणि दादांच्या काखेतून ओवून गाठ मारली. फायली बांधायची गाठ. अकरा वर्षांत ती एकदाही सुटली नव्हती.

"ओढा!"

वर दोन बायकांनी दोर खेचला. दादा पायांनी कडा रेटत वर सरकले. ताई ओरडत होत्या, "डावा पाय! डावा म्हणतेय मी! लहानपणापासून याला डावं-उजवं कळत नाही!" इंच-इंच करत दादा काठावर पोचले आणि ताईंनी त्यांना सदऱ्याला धरून आत ओढलं. मग दोघं जमिनीवर बसून धापा टाकत राहिली. ताईंनी दादांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडायला लागल्या.

"दोर सोडतेय हो खाली!" बाई ओरडल्या.

दोर खाली जाऊन नुसताच डुलत राहिला.

"दप्तरदार!"

"थांबा," खालून आवाज आला. "मोजतोय."

दप्तरदार मुळांच्या बेचक्यात टेकले होते, तेव्हा त्यांना खाली काहीतरी टोचलं होतं. मूळ असं टोकदार नसतं. त्यांनी माती खरवडली. सरळ धार. चौकोनी कोपरा. बोट फिरवलं तर खोल कोरलेली रेघ, वरून खाली, मग गोल वळण... सात!

झाड दगडाशेजारीच वाढलं होतं, मुळांनी दगडाला मिठी मारली होती, आणि त्या पावसाळ्यात कड्याचा तुकडाच्या तुकडा झाडासकट, दगडासकट खाली बसला होता. कुणी दगड हलवला नव्हता. जमीनच हलली होती. दोघांनी एकोणीस वर्षं एकमेकांकडे बोट दाखवलं. मान वाकवून कड्याखाली बघायचं तेवढं राहून गेलं होतं!

दप्तरदारांनी हे ओरडून सांगितलं.

"म्हणजे तू नव्हतास?" ताईंचा आवाज.

"म्हणजे तू नव्हतीस?"

मग दादांनी काठावरून डोकं बाहेर काढलं. "दप्तरदार, तिथे पाणी आहे का?"

होतं. झराही खाली सरकला होता. दगडापाशीच जमिनीतून बोटभर जाड धार उसळत होती.

"मग ती दगडाच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या?" दादांनी विचारलं.

"उजव्याच असणार!" दुसरं डोकं बाहेर आलं.

"डावीकडे ढाळ आहे!"

"ढाळ तुझ्या डोक्यात आहे!"

दप्तरदारांनी वर पाहिलं. दोन पिकली डोकी. मधे डुलणारा दोर. खाली दरी. आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा पारा चढला.

"दोघंही ऐका!" ते ओरडले. दरीतून त्यांचाच आवाज परत आला, तेव्हा ते क्षणभर दचकले. "मी सांगणार नाही! आधी कबूल करा, एकच दानपत्र, त्यावर दोघांची नावं, आणि मधली रेघ खोडायची! तोवर मी वर येत नाही!"

"अहो, वेड लागलंय का?" बाई किंचाळल्या.

"इथे पाणी आहे! मी राहू शकतो!"

मूळ पुन्हा करकरलं. या वेळी मोठ्याने. मूठभर माती दप्तरदारांच्या पायाखालून दरीत गेली. त्यांनी दगडाला घट्ट धरलं, पण अट सोडली नाही.

"कबूल!" ताई ओरडल्या.

"दादा?" खालून दप्तरदारांनी विचारलं.

"माझं नाव आधी," दादा म्हणाले.

"दादा!" ताई आणि बाई एकदम गरजल्या.

"बरं बरं! कबूल! ओढा त्या माणसाला वर!"

ते काठावर पोचतात न पोचतात तोच खाली मोठा आवाज झाला. झाड आणखी हातभर घसरलं आणि स्थिरावलं. दप्तरदार गवतावर उताणे पडून आभाळाकडे बघत राहिले. त्यांच्या कोपरांची सालं गेली होती, एक बूट दरीत गेला होता आणि चेहऱ्यावर येडबंबू हसू होतं.

"आता तरी सांगा," ताईंनी हलकेच विचारलं. "डावीकडे की उजवीकडे?"

"बरोबर मधून," दप्तरदार म्हणाले. "दगडाच्या बुडाखालून."

दगड वर काढायचा प्रयत्न कुणी केला नाही. बाईंनी कड्यावरून त्याचे फोटो घेतले, दप्तरदारांनी नकाशावर खूण केली, आणि सगळे दुसऱ्या, लांबच्या पण शहाण्या वाटेने उतरले.

सोमवारी अकराला खाणवाला चामडी बॅग घेऊन नोंदणी कचेरीत आला. साडेअकराला तो बॅग न उघडताच परत गेला. सह्या झाल्या होत्या. शिक्का मारलेली प्रत मिळायला थोडा वेळ होता, म्हणून बाहेरच्या लाकडी बाकावर तिघं बसली. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला दादा, मधे सवयीने दप्तरदार.

"तुझ्या लेकीच्या लग्नाला मी आलो नाही," दादा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले.

"आला होतास," ताई म्हणाल्या. "समोरच्या दुकानाच्या पायरीवर दोन तास बसला होतास. मी जेवणाचं ताट पाठवलं होतं."

"ते तू पाठवलं होतंस? मला वाटलं, दुकानदाराने दिलं."

"दुकानदार कशाला देईल? कुणीतरी लागतोस का तू त्याचा?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दप्तरदार उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची जागा रिकामी झाली आणि दादा थोडे सरकले.

"भाजीत मीठ कमी होतं," दादा म्हणाले.

"काय? मीठ बरोबर होतं! तीनशे माणसं जेवली, एकाने तक्रार केली नाही!"

"तीनशे परकी माणसं. ती कशाला बोलतील?"

"आणि ताट तर चाटूनपुसून परत पाठवलंस!"

"भूक लागली होती!"

आतून कारकुनाने त्यांचा नंबर पुकारला. बाकावर कुणालाच तो ऐकू गेला नाही. कारकुनाने पुन्हा पुकारला आणि वैतागून दारात आला. दप्तरदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, पुढचा नंबर घ्या," ते म्हणाले. "यांचं एकोणीस वर्षांचं तुंबलंय. जरा निचरा होऊ द्या."